काढण्याआधी

दिंडोरी तालुक्यात ऑक्टोबर छाटणी जवळ आली की कितीतरी द्राक्षबागायतदार काड्या तपासायला प्रयोगशाळेत देतात. घड कितव्या डोळ्यात आहे ते कळतं आणि मगच सिकेटर चालतो. छाटलेली काडी परत जोडता येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

खिशातल्या चाकूची टायटॅनियमची क्लिप ग्राइंडरला लावण्याआधीही असंच थांबायला हवं. क्लिप फार घट्ट असली तर खिशाचं कापड फाटतं, आणि चाकू मुठीत आवळला की तिचं टोक तळहाताला रुततं. अशी वस्तू आपल्या हाताजोगी करून घ्यावी, ही इच्छा मला मनापासून आवडते. वापरणाऱ्याला जी अडचण रोज जाणवते, ती बनवणाऱ्याला कुठून कळणार?

दिंडोरीशेजारच्या ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात सुखोई विमानं बांधली गेली. विमानाला टायटॅनियम लागतं ते त्याच्या गुणांमुळे: पोलादाहून सुमारे 40 टक्के हलकं, तरी बळकट, आणि गंज नाही. पण उष्णता ते लवकर पुढे जाऊ देत नाही. डिस्क जिथं टेकते तिथंच ती साचते. बघता बघता तिथं पिवळसर, मग जांभळी, मग निळी झाक चढते. पृष्ठभागावरचा ऑक्साइडचा थर जाड होत गेला की हे रंग बदलतात. रंग दिसला की हात उचलावा आणि क्लिप निवू द्यावी. वेग कमी, दाब हलका.

खरी जोखीम जाडीत आहे. क्लिपची पकड तिच्या बाकातल्या ताणावर असते. पट्टीची रुंदी निम्मी केली तर तिचा ताठपणा निम्मा होतो. जाडी निम्मी केली तर मात्र तो आठव्या हिश्श्यावर येतो. म्हणून टोक गोल करावं, कडा उतरवाव्यात, हवी तर रुंदी थोडी कमी करावी. बाकाजवळच्या जाडीला शक्यतो हात लावू नये. मशीनने जरासं काढायचं, क्लिप बसवून खिशाला अडकवून पाहायचं, मग पुन्हा जरासं. शेवटचा हात कानशीचा आणि पॉलिश पेपरचा, तोही पट्टीच्या लांबीच्या दिशेने. आडवे ओरखडे राहिले तर तडा तिथूनच जातो. मशीनला वेग असतो, पण कुठं थांबायचं ते आपल्यालाच ठरवावं लागतं.

या कामाला बसाल तेव्हा क्लिप चाकूपासून सोडवून व्हाइसमध्ये धरा, डोळ्यांना गॉगल आणि नाकाला मास्क लावा. टायटॅनियमची बारीक भुकटी पेट घेते, म्हणून ती साचू देऊ नका. कोरडी वाळू हाताशी ठेवा, आणि भुकटी पेटलीच तर तिच्यावर पाणी मुळीच टाकू नका.