पुस्तक सुचविण्याचा अधिकार

एखाद्यास अमुक पुस्तक वाच असे सांगणे ही गोष्ट दिसावयास इतकी निरुपद्रवी आहे की, तिच्यात नीतीचा काही प्रश्न दडला असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. जेवणाचा फार आग्रह करणाऱ्यास आपण हात आडवा करतो. औषध सुचविणाऱ्यास 'तुम्ही वैद्य आहात काय?' असे विचारतो. पुस्तक सुचविणाऱ्याचे मात्र आभार मानून मोकळे होतो. आम्ही तीस वर्षे अध्यापन करीत असल्यामुळे हा उद्योग आमच्याकडून जन्मभर घडला आहे, आणि त्याबद्दल आमच्या मनास कधी टोचणी लागली नव्हती. ती लागली एका फळ्यामुळे.

काही वर्षांपूर्वी गडचिरोली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी तेथील सार्वजनिक वाचनालयाच्या चालकांनी आम्हांस १५ ऑक्टोबर रोजी व्याख्यानास बोलाविले. हा दिवस डॉ. अब्दुल कलाम यांच्या जयंतीचा. महाराष्ट्रात तो २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. व्याख्यान झाले, चहा झाला, आणि निघता निघता चिटणिसांनी विनंती केली की, वाचकांस मार्गदर्शन व्हावे म्हणून पंचवीस पुस्तकांची एक यादी द्यावी. ती दर्शनी फळ्यावर लिहून ठेवू. आम्ही ती उभ्याउभ्या दिली. पुढल्या वर्षी पुन्हा तिकडे जाण्याचा योग आला. फळा तसाच होता. वर 'अवश्य वाचा' हे शब्द, त्याखाली आमचे नाव पदव्यांसह, आणि त्याखाली पंचवीस नावे. ग्रंथपालांनी देवघेवीची वही जरा संकोचानेच पुढे केली. वर्षभरात पंचवीसांपैकी चार पुस्तके कपाटाबाहेर पडली होती, आणि त्यांतील दोन ग्रंथपालांनीच घरी नेली होती.

याउलट, शेजारच्या अभ्यासिकेत बसावयास जागा नव्हती. पोलीस भरती, वनरक्षक, तलाठी अशा परीक्षांची पुस्तके पुढ्यात घेऊन तीस-पस्तीस मुलेमुली खाली माना घालून बसली होती. फळ्यावरचे नाव ते आम्हीच, हे कळल्यावर त्यांतील एक मुलगी उठून आमच्याजवळ आली आणि तिने हळूच विचारले, "सर, ती पुस्तकं परीक्षा झाल्यावर वाचली तर चालतील का?"

या प्रश्नाने आम्ही निरुत्तर झालो. पुस्तके चांगली आहेत काय, असे तिने विचारले नाही. ती कशासाठी वाचावी, हेही विचारले नाही. तिने सवलत मागितली. आम्ही जे सुचविले असे आम्हांस वाटत होते, ते तिच्यापर्यंत पोहोचेतो हुकूम झाले होते, आणि तो हुकूम वर्षभर पाळता आला नाही याची बोच तिने बिचारीने मनात वागविली होती. येथे एक कबुलीही देणे प्राप्त आहे. त्या पंचवीसांपैकी तीन पुस्तके आम्ही स्वतः वाचलेली नव्हती. ती थोर आहेत असे ऐकून होतो, एवढेच.

आता कोणी म्हणेल की, ही भिडस्तपणाची हद्द झाली. जाणत्याने नेणत्यास वाट दाखवू नये, तर शिक्षण म्हणून काय उरले? शिवाय आपण गप्प बसलो म्हणून वाचक मोकळा राहतो असे थोडेच आहे? बाजार त्यास सुचवितच असतो. परीक्षेचे वर्ग सुचवितात, जाहिरात सुचविते, हातातील दूरध्वनी तर क्षणोक्षणी सुचवितो, आणि यांतील कोणासही सदसद्विवेकाची टोचणी लागत नाही. हा आक्षेप बळकट आहे, आणि त्याच्यापुढे मौन हा उपाय नव्हे हे आम्हांस मान्य आहे. परंतु आमचा प्रश्न सुचवावे की न सुचवावे हा नाहीच. सुचविणाऱ्याच्या अंगी काय असले म्हणजे त्याचे सुचविणे हुकूम होत नाही, हा आहे.

जॉन स्टुअर्ट मिल याने १८६१ साली प्रथम मासिकातून प्रसिद्ध केलेल्या आपल्या उपयुक्ततावादावरील निबंधात उच्च सुख कोणते व हीन सुख कोणते हे ठरविण्याची एक कसोटी दिली आहे. तिचा आशय असा की, ज्यांनी दोन्ही सुखे अनुभविली आहेत त्यांनीच निवाडा करावा. ज्याला एकच बाजू ठाऊक, त्याचे मत जमेस धरू नये. आम्ही विद्यार्थ्यांस ही कसोटी वर्षानुवर्षे शिकविली, आणि शिकविताना आपण न्यायाधीशाच्या आसनावर बसलो आहोत असे धरून चाललो. अभ्यासिकेतील त्या मुलीपुढे प्रथमच ध्यानात आले की, आम्हांस एकच बाजू ठाऊक आहे. कादंबरीचा आनंद आम्ही जाणतो. परंतु घरात पहिली पगाराची नोकरी यावी म्हणून इतिहासाच्या सनावळ्या पाठ करणे म्हणजे काय, हे आम्ही अनुभविलेले नाही. तिने उद्या नोकरी मिळवून मग कादंबरी वाचली, तर दोहोंतील श्रेष्ठ कोणते हे सांगण्याचा मिलच्या मते खरा अधिकार तिचा होईल, आमचा नव्हे.

या जंगलपट्टीत हा मुद्दा अधिकच टोकदार होतो. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा काढलेला हा गडचिरोली जिल्हा भाषेच्या दृष्टीने एकजिनसी नाही. भामरागडकडे माडिया, ठिकठिकाणी गोंडी, सिरोंच्यास तेलुगू, मुलचेरा-चामोर्शीकडे पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांच्या वसाहतींत बंगाली. आणि जी मराठी ती झाडीबोली, आमच्या पुस्तकांतली नव्हे. आमच्या यादीतील पंचवीसही पुस्तके मराठी होती, आणि त्या मराठीचे वळण पुण्या-मुंबईचे होते. घरी माडिया बोलणाऱ्या मुलाने ती वाचावी असे आम्ही म्हणतो तेव्हा त्याने किती चढ चढावयाचा हे आम्हांस माहीत नसते. मात्र तो अर्ध्यावर थांबला की 'वाचनाची गोडी नाही' असा शेरा आम्ही मारून ठेवतो. दोन्ही भाषा जाणणारा तो आहे, आम्ही नाही. म्हणजे मिलची कसोटी येथेही आमच्याच विरुद्ध जाते.

वाचनालयांच्या कार्यक्रमांचीही हीच गत आहे. व्याख्याने, ग्रंथप्रदर्शने, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, हे सर्व यथासांग होते. चंद्रपुरास तर १९७९ आणि २०१२ अशी दोनदा अखिल भारतीय साहित्य संमेलने भरली. ग्रंथदिंडीतील पालखीस लोक भक्तिभावाने हात जोडतात. पण पालखीतला ग्रंथ बाहेर काढून चाळण्याची प्रथा नाही. उलट, धानाची कापणी आटोपली की देसाईगंज-वडसा येथील नाटकमंडळ्या गावोगाव हिंडू लागतात, आणि शेतात उभारलेल्या मंडपात तिकीट काढून आलेले हजारो लोक थंडीत पहाटेपर्यंत बसून राहतात. या नाटकांस चला असे कोणी प्राध्यापक फळ्यावर लिहीत नाही. एके काळी आम्ही या झाडीपट्टी रंगभूमीची थट्टा करीत असू. तिच्यातील नट परशुराम खुणे यांस २०२३ साली पद्मश्री मिळाल्यावर थट्टा करणारे आमचे काही स्नेही अभिनंदनाच्या सभेत पुढल्या रांगेत बसले. गर्दी हे गुणाचे प्रमाण नव्हे, हे आम्ही आजही म्हणू. पण तेथील प्रेक्षक नाटक आवडले नाही तर उठून जातो, मंडळीच्या तोंडावर तसे सांगतो, आणि मंडळीस ते ऐकून घ्यावे लागते. आमच्या फळ्यास उलट बोलण्याची सोय नव्हती.

ती सोय कशी असते हे पाहावयाचे तर धानोरा तालुक्यातील मेंढा या गावी जावे. लेखा गावाशेजारचे म्हणून ते मेंढा-लेखा या जोडनावाने ओळखले जाते. वनहक्क कायद्याखाली २००९ साली या गोंड वस्तीस सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, म्हणून त्याचे नाव सर्वत्र झाले. आम्हांस त्याहून महत्त्वाची वाटते ती त्यामागची रीत. गावात अभ्यासगट चालतात. बाहेरचा जाणता माणूस येतो, कायदा समजावून सांगतो, कागद वाचले जातात, प्रश्न विचारले जातात. पण निर्णय अभ्यासगटात होत नाही. तो ग्रामसभेत होतो, तोही सर्वांच्या सहमतीने, आणि पाहुण्यास तेथे मत नसते. ही विभागणी आम्हांस एखाद्या तत्त्वज्ञास शोभेल अशी वाटते. ज्ञान कोणाकडूनही घ्यावे, पण त्याचे काय करावयाचे हे ठरविण्याची जागा निराळी राखावी. ही हकीकत मिलिंद बोकील यांनी 'गोष्ट मेंढा गावाची' (२०१२) या पुस्तकात सांगितली आहे. आमच्या यादीत हे पुस्तक होते. आम्ही ते सुचविले, आणि त्यातील रीत मात्र घेतली नाही!

सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाचे तज्ज्ञ आणवून बडोदे संस्थानात ग्रंथालये उभारली. तेथून पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरत. त्या कामाबद्दल आमच्या मनात आदरच आहे. तरी पेटी भरणारा एके ठिकाणी आणि उघडणारा दुसऱ्या ठिकाणी, हा दुरावा तेव्हापासून चालत आला तो अजून सरलेला नाही. अलीकडे गडचिरोली पोलीस दलाने 'एक गाव, एक वाचनालय' या नावाने दुर्गम गावी वाचनालये उघडली आहेत. तेथे बसून एखाद्या मुलाचे नशीब उघडले तर आम्हांस आनंदच होईल. पण देणाऱ्याच्या खांद्यावर बंदूक असते तेव्हा घेणाऱ्याच्या तोंडून 'नको' निघणे किती अवघड, याचा विचार देणाऱ्यानेच आधी केला पाहिजे. प्राध्यापकाच्या खांद्यावर बंदूक नसते, पदवी असते. त्या मुलीचा प्रश्न ऐकल्यापासून या दोहोंतील अंतर आम्हांस पूर्वीइतके मोठे वाटत नाही.

गेल्या ऑक्टोबरात त्याच चालकांनी पुन्हा यादी मागितली. आम्ही तीनच नावे कळविली, तिन्ही दोनदोनदा वाचलेल्या पुस्तकांची, आणि प्रत्येकापुढे एक ओळ लिहिली की, ते आम्हांस का आवडले व त्यात कोठे कंटाळा आला. 'अवश्य' हा शब्द पुसावा, आमच्या पदव्या पुसाव्या, आणि फळ्याचा उजवा अर्धा भाग कोरा ठेवून त्याखाली खडू ठेवावा, अशी विनंती केली. चिटणिसांस ती फारशी रुचली नाही. पाहुण्यांच्या नावाने फळ्यास शोभा येते असे त्यांचे म्हणणे.

महिनाभर उजवी बाजू कोरीच राहिली. मग एके दिवशी ग्रंथपालांचा दूरध्वनी आला. कोणीतरी पोलीस भरतीच्या एका सामान्यज्ञानाच्या पुस्तकाचे नाव लिहिले होते आणि त्यापुढे, आमच्याच धर्तीवर, एक ओळ: 'चांगले आहे, पण सातव्या प्रकरणातले आकडे जुने आहेत.' अक्षर कोणाचे, ते त्यांनी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. पुस्तक आम्ही मागविले आहे. पाच प्रकरणे वाचून झाली. सहाव्यात नद्या आहेत.