भाड्यातला घराचा वाटा

परतूरसारख्या तालुक्याच्या गावात घर बांधतानाच मागच्या बाजूला दोन-तीन खोल्या भाड्यासाठी काढून ठेवतात. बदलीवर आलेले शिक्षक, बँकेतले कारकून, तलाठी, खेड्यावरून शिकायला आलेली पोरं, कुणी ना कुणी येतंच. अनेक ठिकाणी त्यात निवृत्त गुरुजींची ग्रॅच्युइटी गेलेली असते. म्हातारपणी दर महिन्याला चार पैसे हातात यावेत, एवढीच इच्छा. अशा घरमालकाला सावकार ठरवायला माझं मन धजत नाही. जागेची किंमत आणि बांधकाम धरलं, तर त्याला बँकेच्या ठेवीइतकंही सुटतंच असं नाही.

सुटत नाही म्हटलं, की पहिली कात्री लागते ती दुरुस्तीला. पहिल्या मोठ्या पावसात भाडेकरू दारात येतो, "काका, छत गळायलंय." काका म्हणतात, "बघू, पाऊस उघडू दे." पाऊस उघडतो, गळती थांबते, विषय मिटतो. सळईचा गंज मात्र वाढत राहतो. दोन-चार हजारांत भागलं असतं ते काम मग स्लॅबचा पोपडा ताटात पडेपर्यंत लांबतं.

महिन्याच्या महिन्याला येणारं हे भाडं सगळंच मालकाचं असतं का?

प्राप्तिकर कायदा तसं मानत नाही. वर्षाच्या भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा केली, की उरलेल्या रकमेवर सरसकट 30 टक्के वजावट मिळते; पावत्या कुणी मागत नाही. समजा, भाडं महिना 4,000, म्हणजे वर्षाचे 48,000. घरपट्टी 3,000 गेली तर 45,000 उरले. त्यावरची वजावट 13,500 रुपये. छताला डांबराचा हात फिरवला नाही तरी ती मिळतेच, ही त्यातली गंमत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 दुसऱ्या टोकाकडून येतो. वेगळा करार नसेल, तर घर राहण्याजोगं ठेवणं मालकावर बंधनकारक आहे, असं त्याचं कलम 14 सांगतं. किमान 15 दिवसांची नोटीस देऊनही वाजवी वेळेत दुरुस्ती झाली नाही, तर भाडेकरूने ती करून घ्यावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. मात्र वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशापर्यंतच. आपल्या उदाहरणात ते 12,000 होतात.

एक कायदा कर आकारण्यासाठी, दुसरा भांडण मिटवण्यासाठी, आणि तरी दोन्ही आकडे शेजारी येऊन बसतात. मी त्याचा अर्थ असा लावतो, की भाड्यातला साधारण पाव हिस्सा घराचा आहे, मालकाच्या हातून तो फक्त जातो. तो किराण्यात जिरवून "यंदा खर्च वाचवला" म्हणणं, म्हणजे ज्याच्यासाठी पैसे घेतले ते काम न करता पैसे ठेवून घेणं.

विजेचा हिशेब याहून आत दडलेला असतो. चार बिऱ्हाडं आणि मीटर एकच. प्रत्येकाने 80 युनिटं जाळली, तर स्वतःच्या मीटरवर ती सगळी महावितरणच्या 100 युनिटांपर्यंतच्या सर्वांत स्वस्त दरात बसली असती. एकत्र मिळून 320 होतात. स्वस्त दर पहिल्या 100 पुरताच, बाकीची वरच्या दरांत. वरून मालकाने सब-मीटरवर स्वतःचा गोल आकडा लावला, तर कमी वापरणाऱ्यालाच युनिट महाग पडतं. नव्या मीटरचा एकदाचा खर्च टळला खरा, पण तो दर महिन्याला भाडेकरू फेडत राहतो.

भाडेकरू काही साधुसंत नसतात. बिल थकवून निघून जाणारे असतात, भर एप्रिलमध्ये मोटार चालू ठेवून टाकी ओसंडू देणारेही असतात. अनामत रक्कम त्यासाठीच असते. पण पाच वर्षांत आपोआप विटलेल्या रंगाचे पैसे त्यातून कापायचे, हे कशात बसवायचं?

राहिली ती 15 दिवसांची नोटीस. तालुक्याच्या गावात ती लिहिणार कोण? लिहिली तर संध्याकाळपर्यंत गल्लीभर होते, आणि पुढची खोली ज्याच्याकडे मागायला जायचं तो बहुतेक वेळा याच मालकाचा चुलतभाऊ निघतो. भाडेकरू मग घमेलं गळतीखाली सरकवतो आणि पहिल्या तारखेला भाडं मोजून देतो.