स्वस्त बंदूक आणि शेजाऱ्याचा जीव

बाजारात घासाघीस करणे हे काही पाप नव्हे. नीतिसूत्रांच्या विसाव्या अध्यायात एक गिऱ्हाईक आहे. घेताना तो मालाला नावे ठेवतो आणि घेऊन गेल्यावर आपल्या चातुर्याची बढाई मारतो. शास्त्र त्याला शिक्षा सांगत नाही, त्याचे चित्र तेवढे दाखवते. आणि त्यात आपण आपला चेहरा ओळखतो. स्वस्तात घेतलेले भांडे गळके निघाले तर नुकसान आपले. परंतु काही वस्तूंच्या स्वस्ताईची किंमत घेणारा एकटा देत नाही. बंदूक ही अशा वस्तूंपैकी एक.

शहरातील वाचकाला हा प्रश्न दूरचा वाटेल. उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यात, म्हणजे पूर्वीच्या सुपा तालुक्यात, तो घराच्या अंगणातला आहे. काळी नदीच्या या खोऱ्यात शेत जेथे संपते तेथे रान सुरू होते. दांडेलीचे अभयारण्य व अणशीचे राष्ट्रीय उद्यान मिळून २००७ साली व्याघ्र प्रकल्प झाला. २०१५ पासून त्याला काळी व्याघ्र प्रकल्प म्हणतात. वन्य प्राण्यांचे रक्षण व्हावे हे योग्यच आहे. पण त्याच रानातून रानडुकरांचा कळप रात्री खाचरात उतरतो आणि वर्षाचे भात सकाळपर्यंत तुडवून जातो. ज्याच्या कणगीचा प्रश्न आहे त्याने बंदुकीचा विचार केला तर त्याला हिंसक म्हणणे आम्हांला उचित वाटत नाही.

कायद्यानेही ही गरज ओळखली आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या खऱ्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. परवाना म्हणजे शिकारीची मोकळीक मात्र नव्हे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा त्यालाही लागू आहे. आता परवान्याची बंदूक घ्यायची तर पैसा हवा, खेपा घालायला हव्यात. आणि कोठेतरी कोणीतरी कानात सांगतो की, गावठी बंदूक थोडक्यात मिळेल, कागदाची कटकट नाही.

ती स्वस्त का मिळते? बंदुकीची खरी किंमत नळीत असते. दारू पेटताच तिचा जोर सर्वांत अधिक नळीच्या मागच्या भागावर, म्हणजे नेमका बार उडवणाऱ्याच्या तोंडाजवळ, येतो. म्हणून चांगल्या कारखान्यात नेहमीपेक्षा जास्त दारू भरून नळीची परीक्षा घेतात आणि टिकली तरच तिच्यावर छाप मारतात. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ साली सनद मिळाली व ही तपासणी त्याच्याकडे आली. बर्मिंगहॅममध्ये १८१३ साली कायद्याने तपासणीचे घर उभे राहिले. साध्या पाइपातून केलेल्या नळीला अशी परीक्षा नसते. तिची परीक्षा घेणाऱ्याच्या हातातच होते. जुनी, एके काळी चांगली असलेली बंदूकही पावसाळ्यात आतून गंजते. काळ्या दारूसाठी केलेल्या नळीत नव्या, बिनधुराच्या दारूचा बार भरला तर तीही फुटू शकते.

मग वाचवलेले पैसे कोणी भरले? कधी घेणाऱ्याच्या डोळ्याने व बोटांनी, कधी शेजारी उभ्या असलेल्या मुलाने.

येथे मोशेच्या नियमशास्त्रातील दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवून पाहाव्यात. लेवीयच्या पुस्तकात ज्याला मेंढरू परवडत नाही त्याने दोन पारवे आणावेत, तेही परवडत नसतील तर थोडे पीठ आणावे, अशी सवलत आहे. प्रभू येशूच्या आईनेही गरिबाचेच अर्पण आणले, असे लूक सांगतो. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात मात्र, नवे घर बांधशील तेव्हा धाब्याला कठडा कर, नाहीतर कोणी पडून मेल्यास दोष तुझ्या घरावर येईल, अशी आज्ञा आहे. तेथे गरिबाला सवलत नाही. देवाने स्वतःच्या वाट्याला स्वस्त चालवून घेतले. शेजाऱ्याच्या जिवाच्या बाबतीत चालवून घेतले नाही. निर्गमात उघड्या ठेवलेल्या खड्ड्याचा नियमही याच जातीचा आहे: खड्ड्यात जनावर पडले तर भरपाई खड्डा उघडा टाकणाऱ्याने करावी.

म्हणून महाग व चांगली बंदूक घेतली की प्रश्न सुटला, असेही नाही. बर्मिंगहॅमचे सॅम्युएल गॅल्टन हे क्वेकर पंथाचे गृहस्थ व बंदुकांचे मोठे कारखानदार होते. त्या शहरातील बंदुका आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांच्या व्यापारातही जात. मंडळीने जाब विचारला तेव्हा, जव पेरणाऱ्यावर दारुड्याचा दोष येतो काय, अशा अर्थाचा युक्तिवाद त्यांनी केला. मंडळीला तो पटला नाही आणि १७९६ साली तिने त्यांना सभासदत्वातून काढले. तेथे मालाच्या दर्जाचा वाद नव्हता. तो कोणाच्या हातात व कशासाठी जातो, हा होता. आपल्याकडेही परवान्याची उत्तम बंदूक पायवाटेवर दोरी बांधून सापळा म्हणून लावली, तर तिला डुक्कर आणि सरपणाला निघालेली बाई यांतला फरक कळत नाही. तोही उघडा खड्डाच.

परंतु गरीब शेतकऱ्याला एवढे सांगून आपण घरी जाणे बरे नव्हे. कठड्याचा खर्च त्याला झेपत नसेल, तर तो मंडळीने वाटून घ्यावा. पीक तयार होते त्या दिवसांत मचाणावर पाळीपाळीने राखण करता येते. चार शेतांना मिळून एक कुंपण घालता येते. वनखात्याकडे नुकसानभरपाईचा अर्ज करायचा असतो. ज्याला लिहिता येत नाही त्याचा अर्ज शब्बाथ शाळेच्या शिक्षकाने लिहून द्यावा, हीदेखील सेवाच आहे. शेजारी रात्रभर एकटा जागत असेल आणि आपण निवांत झोपत असू, तर त्याच्या हातात येणाऱ्या गावठी बंदुकीत आपलाही थोडा वाटा आहे.

शिक्षकांनी वर्गात कठड्याचा हा नियम घ्यावा आणि मुलांना विचारावे की, आपल्या घरात स्वस्त म्हणून घेतलेली अशी कोणती वस्तू आहे, जिची उरलेली किंमत दुसऱ्या कोणाला भरावी लागेल? मुले उत्तरे देतील. ती घरी जाऊन आईवडिलांनाही सांगतील अशी आम्हांला आशा आहे.