वचनांचा सातबारा

३१ डिसेंबरच्या रात्रीची उपासना संपून बारा वाजले, की आपल्याकडच्या अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत वचनांच्या चिठ्ठ्या फिरतात. डोळे मिटून एक उचलायची आणि तिच्यावरचं वचन वर्षभर आपलं मानायचं. कुणाला आरोग्याचं निघतं, कुणाला शत्रूपासून रक्षणाचं. यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातलं अकरावं वचन निघालं तर माणूस विशेष खूश होतो. तुमच्याविषयी माझ्या मनात भल्याच योजना आहेत, तुम्हाला भविष्य आणि आशा द्यायची आहे, असा त्याचा आशय. हेच वचन भिंतीवरच्या कॅलेंडरवर दिसतं आणि दहावीच्या निकालानंतर व्हॉट्सॲपच्या स्टेटसवरही. पाठीमागे बहुधा उगवता सूर्य.

त्याच्या लगेच वरच्या वचनात एक आकडा आहे, तो चिठ्ठीवर येत नाही. सत्तर वर्षं.

इ.स.पू. ५९७ मध्ये नबुखद्नेस्सरानं जेरुसलेम घेतलं. तरुण राजा, त्याची आई, दरबारी आणि सुतार-लोहारांसारखी कामाची माणसं त्यानं उचलून बाबेलला नेली. मागे राहिलेल्या यिर्मयानं त्यांना दूतांबरोबर पत्र धाडलं. त्याच सुमारास हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा दोन वर्षांत सगळे परत येतील असं छातीठोकपणे सांगत होता, आणि लोकांना तेच ऐकायचं होतं. यिर्मयानं नेमकं उलटं लिहिलं. घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा. ज्या शहरात तुम्हाला कैद करून नेलं त्याच्याच भल्यासाठी प्रार्थना करा. सत्तर वर्षं भरली की मी तुम्हाला परत आणीन. हे ऐकणाऱ्या मोठ्या माणसांपैकी तो दिवस पाहायला जवळपास कुणी उरणार नव्हतं. बाबेलमधल्या शमायानं तर जेरुसलेमला उलट पत्र पाठवून विचारलं, की या यिर्मयाला अजून खोड्यात का घातलं नाही? आज सूर्योदयाच्या चित्रावर छापलं जाणारं वचन पहिल्यांदा पोचलं तेव्हा त्याचं स्वागत हे असं झालं.

आता मूळ प्रश्न. पत्र यहुदी बंदिवानांना लिहिलेलं. ते अडीच हजार वर्षांनी अहिल्यानगरच्या किंवा वसईच्या ख्रिस्ती माणसानं स्वतःच्या नावानं फोडावं का? हा प्रश्न एका पत्रापुरता नाही. अब्राहामाला दिलेली भूमी, सीनायवरचा करार, यिर्मयानंच पुढे सांगितलेला नवा करार (तोसुद्धा इस्राएलच्या आणि यहूदाच्या घराण्याशी), हे सगळं आता कुणाचं?

जमिनीच्या गोष्टी आपल्याला सातबाऱ्याच्या भाषेत चटकन कळतात, म्हणून तीच वापरतो. उताऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून नाव चढणं वेगळं आणि फेरफार करून जुन्या खातेदाराचं नाव कंसात टाकणं वेगळं. शिवाय 'इतर हक्क' नावाचा एक रकाना असतो. जमिनीवरचा बोजा तिथे लिहिलेला असतो आणि जमीन घेणारा तो वाचायचं हमखास टाळतो.

प्रेषित पौल सहहिस्सेदारीची भाषा बोलतो. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात तो रागात आहे. यहुदी नसलेल्यांना सुंता करायला लावणाऱ्यांवर तुटून पडताना तो म्हणतो, की जे ख्रिस्ताचे ते अब्राहामाचे संतान आणि वचनाप्रमाणे वारस. हा दावा लहान नाही, तो पातळ करून सांगण्यात अर्थ नाही. पण रोमकरांस लिहिताना तोच पौल थांबून विचार करतो. रानटी जैतुनाची फांदी बागेतल्या जैतुनावर कलम केली आहे. तिनं मूळ फांद्यांपुढे तोरा मिरवू नये, कारण ती मुळाला धरून ठेवत नाही, मूळ तिला धरून ठेवतं. देव दिलेली दानं आणि केलेलं पाचारण मागे घेत नाही, हेही तो तिथेच सांगतो. हे लिहिलं तेव्हा जेरुसलेमचं मंदिर उभं होतं. पौल स्वतः यहुदी होता आणि आपण वेगळ्या धर्माचे झालो असं त्याला वाटत नव्हतं. घरातलाच वाद होता.

फेरफार नंतर झाला. इ.स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर पाडलं. १३२ ते १३५ मध्ये बार कोखबाचं बंड चिरडलं गेलं आणि रोमन सम्राट हेड्रियननं यहुद्यांना जेरुसलेमात पाऊल टाकायला बंदी केली. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनी हुतात्मा जस्टिननं त्रिफो नावाच्या यहुद्याशी झालेला संवाद लिहिला. जस्टिन मूळचा शोमरोनातला, आजच्या नाब्लूसचा. त्रिफो त्या युद्धातून निसटून ग्रीसमध्ये राहिलेला, म्हणजे निर्वासित. संवाद सभ्य आहे, दोघे शेवटी एकमेकांना शुभेच्छा देऊन निरोप घेतात. पण मध्येच जस्टिन त्याला सांगतो, की तुमची सुंता ही खूण अशासाठी, की तुम्ही वेगळे ओळखू यावेत, जे भोगताय ते तुम्हीच भोगावं आणि तुमच्यापैकी कुणाला जेरुसलेमात जाता येऊ नये. खरा इस्राएल आता आम्ही. समोरच्याचं गाव जळालंय, आणि हा सांगतोय की जळायलाच हवं होतं. ख्रिस्ती परंपरेतल्या या विचारवंताबद्दल मला आदर आहे, पण ते पान मला ओलांडता येत नाही.

इथेच 'इतर हक्क'चा रकाना पाहावा लागतो. अनुवाद या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात आशीर्वादांना चौदा वचनं आहेत आणि शापांना चोपन्न. करार मोडलात तर दुष्काळ, वेढा, देशोधडी. भूमीचं वचनही सरळ मालकीचं नाही. जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडे उपरे आणि पाहुणे आहात, असं देव लेवीयमध्ये सांगतो. चर्चनं शतकानुशतकं वाटणी सोयीची केली: चौदा आम्हाला, चोपन्न यहुद्यांना. स्ट्रासबुर्गच्या कॅथेड्रलवर तेराव्या शतकातल्या दोन स्त्रीमूर्ती होत्या. चर्च मुकुट घालून ताठ उभी, सिनेगॉगच्या डोळ्यांवर पट्टी आणि हातात मोडलेला भाला. दुसरी मूर्ती पहिलीपेक्षा सुंदर आहे, हे शिल्पकाराचं श्रेय.

एकदा नाव कंसात टाकायची सवय लागली की पुढचे फेरफार फटाफट होतात. १७१९ मध्ये आयझॅक वॉट्सनं स्तोत्रसंहितेला इंग्रजी पद्यरूप देताना इस्राएलच्या जागी चक्क ब्रिटन घातला. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर तिथल्या चर्चांना ते गाणं जड जाऊ लागलं. मग १७८५ मध्ये जोएल बार्लोनं ते सुधारून ब्रिटन खोडला. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअरांनी १८३८ मध्ये झुलूंशी लढण्यापूर्वी देवाला नवस केला, जिंकले, आणि निवडलेल्या लोकांची भाषा स्वतःला लावून घेतली. तो १६ डिसेंबर पुढे नवसाचा दिवस म्हणून पाळला गेला.

पण इस्राएलच्या मिसरमधून सुटकेच्या, म्हणजे निर्गमाच्या गोष्टीत अमेरिकेतल्या गुलामांनीही स्वतःला पाहिलं. मिसर म्हणजे मालकाचं शेत, यार्देन म्हणजे उत्तरेकडची नदी. मार्टिन ल्यूथर किंग ३ एप्रिल १९६८ ला मेम्फिसमध्ये वचनदत्त देशाबद्दल बोलले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा खून झाला. गुलामांनीही दुसऱ्याचं पत्र फोडलं, हे खरं. पण त्यांनी ते खोड्यात बसून वाचलं, मूळ बंदिवानांसारखंच. कुणाचं नाव कंसात टाकायची त्यांना गरज पडली नाही, आणि बोजा तर अंगावर आधीच होता. मला विचाराल तर अधिकाराचा निकाल इथे लागतो. वंशावरून नाही, आणि नुसत्या श्रद्धेवरूनही नाही.

रोमच्या कॅथलिक चर्चला हे कळायला बराच उशीर लागला. ज्यूंच्या संहारानंतर, २८ ऑक्टोबर १९६५ ला, व्हॅटिकन परिषदेनं यहुदी लोक देवानं टाकलेले आहेत असं मांडू नये असा ठराव केला. १९८० मध्ये माइंत्स इथे पोप दुसरे जॉन पॉल यहुदी प्रतिनिधींसमोर, कधीच रद्द न झालेल्या कराराचे लोक, असा त्यांचा उल्लेख करून गेले. पौलाची ती फांदी पुन्हा वाचली गेली, इतकंच.

याच्या दुसऱ्या टोकाला जॉन नेल्सन डार्बी उभा आहे. एकोणिसाव्या शतकातल्या या आयरिश धर्मोपदेशकानं सांगितलं, की इस्राएल वेगळा, चर्च वेगळं. भूमीची वचनं अक्षरशः यहुद्यांचीच आणि ती अजून पुरी व्हायची आहेत. १९०९ मध्ये निघालेल्या स्कोफिल्डच्या टिपांच्या बायबलनं हे अमेरिकेत घरोघर नेलं. ऐकायला हे उदार वाटतं: मालकाला त्याचं परत दिलं. पण पुष्कळांच्या हिशेबात ते यहुदी शेवटच्या संकटकाळातल्या नाटकातली पात्रं असतात, आणि 'इतर हक्क' इथेही कोरा. लेवीयमधला उपरा, अनाथ-विधवेचा हक्क, संदेष्ट्यांनी राजांना दिलेली तंबी, यातलं काही आजच्या राज्याला लावायचं नाही. पॅलेस्टिनी ख्रिस्ती नईम अतीक अकरा वर्षांचे असताना, १९४८ मध्ये, त्यांच्या कुटुंबाला आपलं गाव बेसान सोडावं लागलं. पुढे ते अँग्लिकन धर्मगुरू झाले आणि १९८९ च्या पुस्तकात त्यांनी लिहिलं, की जुना करार पॅलेस्टिनी ख्रिस्ती माणसाला वाचणंच अवघड झालं. पिढ्यान्पिढ्या स्वतःचा म्हणून म्हटलेला इस्राएल एका सकाळी बंदूक घेऊन दारात आला. वचन नक्की कुणाचं, हा प्रश्न त्यांच्यासाठी वर्गातला राहिला नाही.

आपल्या कोकणातही या उताऱ्याची एक प्रत आहे. अलिबाग, रेवदंडा, पेणकडचे बेने इस्राएल यहुदी शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनिवार तेली म्हणवले गेले. एलियाहू हनबीसाठी पोह्या-नारळाचा मलिदा करणारी ही माणसं बोलतात मराठी. १७९६ मध्ये मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग उभं राहिलं, तेव्हा हिब्रू जाणणारे त्यांच्यात मोजकेच होते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, जुन्या कराराचे भाग मराठीत छापून त्यांच्या हाती दिले. जॉन विल्सननं तर त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं. हेतू उघड होता: वाचतील आणि ख्रिस्ती होतील. त्यांनी वाचलं, फारच थोडे ख्रिस्ती झाले, बाकीचे जास्त चांगले यहुदी होऊन सिनेगॉगला गेले.

त्यातले हजारो १९४८ नंतर त्या वचनाच्या भूमीत गेले. तिथल्या रब्बींनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या लग्नांपूर्वी आईकडच्या पिढ्यांची चौकशी लावली: हे नक्की यहुदी का? तेव्हा १९६४ मध्ये कोकणातून गेलेल्या या माणसांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं. ऑगस्टमध्ये इस्राएलच्या संसदेला जाहीर करावं लागलं, की बेने इस्राएल सर्वार्थानं यहुदी आहेत, आणि रब्बींच्या आदेशातून त्यांचं नाव निघालं. धरण्यावर बसलेल्यांपैकी कित्येकांच्या आज्या-पणज्यांनी अब्राहामाची गोष्ट मिशनऱ्यांनी छापलेल्या मराठीतच पहिल्यांदा वाचली असणार.