नोकरी सांभाळून वकिली

दिवसभर नोकरी करून कायदा शिकणाऱ्यांबद्दल मला फार आदर आहे. मुंबईत १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने सिद्धार्थ महाविद्यालय काढलं, तेव्हा कचेरीत राबणाऱ्यांना शिकता यावं म्हणून वर्ग सकाळी भरवले. १९५६ मध्ये सोसायटीचं विधी महाविद्यालय सुरू झालं. पोट की पुस्तक, असा पेच गरिबावर येऊ नये, हा विचार त्या वेळापत्रकातच होता.

आज पदवीनंतरचा एलएलबी तीन वर्षांचा, सहा सत्रांचा. परीक्षेला बसायचं तर प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी हवी. नियम योग्यच आहे; नुसती गाइडं वाचून वकील घडत नाही. पण म्हणूनच सकाळचे वर्ग वाढायला हवेत. त्यात १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. खुनाच्या शिक्षेचं घोकलेलं ३०२ कलम आता १०३ झालं. दमलेल्या डोळ्यांनी ही उजळणी सोपी नाही.

तरीही या विद्यार्थ्यांकडे एक मोठी शिदोरी असते. बँकेतल्या कारकुनाला चेक न वटल्याचं कलम १३८ पुस्तकाआधी काउंटरवर भेटलेलं असतं. कारखान्यातल्या बाईला ग्रॅच्युइटी म्हणजे काय, हे निवृत्त झालेल्या मैत्रिणीच्या खेपांमधून कळलेलं असतं.

तुमच्या घरात असं कुणी शिकत असेल, तर परीक्षेच्या महिन्यात भाजी तुम्ही आणा, कुकर तुम्ही लावा.