मागे राहिलेल्या खोड्या

1936 च्या मे महिन्यात जॉन स्टाइनबेक यांच्या कॅलिफोर्नियातल्या घरी टोबी एका रात्री एकटाच होता. टोबी म्हणजे सेटर जातीचं पिल्लू. त्या एका रात्रीत त्याने कादंबरीच्या हस्तलिखिताचा जवळजवळ निम्मा भाग फाडून त्याचे कपटे केले. दोन महिन्यांची मेहनत गेली, आणि दुसरी प्रत नव्हती. स्टाइनबेक भडकले. टोबीला माशा मारायच्या फटक्याने थोडा प्रसाद मिळाला. मग स्टाइनबेकनी आपल्या साहित्य-प्रतिनिधीला पत्र लिहून कळवलं, की बिचाऱ्याने हे कदाचित समीक्षकाच्या भूमिकेतून केलं असावं. जे लेखन चांगलं आहे की नाही याची आपल्यालाच खात्री नाही, त्यापायी एक चांगला कुत्रा कशाला बिघडवायचा! ती कादंबरी पुन्हा लिहावी लागली आणि 1937 मध्ये 'ऑफ माइस अँड मेन' या नावाने गाजली. टोबीने आयुष्यात आणखी काय काय केलं, हे फारसं कुणाला ठाऊक नाही. त्याचं नाव टिकलं ते त्या एका रात्रीच्या उद्योगामुळे.

एरवी अशा उपद्व्यापी कुत्र्यांची स्मारकं कुणी बांधत नाही. दगडात जागा मिळते ती इमानाला. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्याची समाधी आहे. शिकारीत त्याने महाराजांचा जीव वाघापासून वाचवला, असं सांगतात. रायगडावर वाघ्याचा पुतळा आहे. धन्याच्या चितेत उडी घेणाऱ्या या कुत्र्याला समकालीन कागदपत्रांत आधार नाही, असा आक्षेप अभ्यासक घेतात, आणि त्यावरून 2012 मध्ये तो पुतळा हटवून पुन्हा बसवण्यापर्यंत प्रकरण गेलं. मुंबई पोलिसांच्या झंजीरबद्दल मात्र वादाला जागा नाही. 1993 च्या बॉम्बस्फोटांच्या काळात या लॅब्रॅडॉरने तीन हजार किलोंहून जास्त आरडीएक्स हुडकून काढलं. 2000 मध्ये तो गेला, तेव्हा पोलिसांनी त्याला इतमामाने निरोप दिला.

टोकियोचा हाचिको तर इमानाचा जागतिक दाखलाच. 1925 मध्ये वारलेल्या प्राध्यापक उएनोंची वाट पाहत तो जवळपास दहा वर्षं शिबुया स्टेशनवर येत राहिला. 1934 मध्ये त्याच्या हयातीतच त्याचा पुतळा उभा राहिला. पुढच्या वर्षी तो मेला. शवविच्छेदनात त्याच्या पोटात याकितोरीच्या, म्हणजे भाजलेल्या कोंबडीच्या तुकड्यांच्या, काड्या निघाल्या. स्टेशनाच्या आसपास त्याला खाऊ घालणारे बरेच होते आणि तोही नाही म्हणत नव्हता. काडीसकट गिळण्याची ही घाई पुतळ्यात कुठेच दिसत नाही.

इमानाची स्तुती नीट ऐकली, तर ती बरीचशी धन्याची स्तुती निघते. कुत्रा थांबला, धावला, जिवावर उदार झाला, तो कुणासाठी? त्या गोष्टीच्या मध्यभागी माणूसच असतो. खोडीत मात्र माणसाचं काहीच चालत नाही. चप्पल कुरतडायची ती डावीच, सोफा सोडून नेमकं इस्त्रीच्या कपड्यांवर लोळायचं, पाहुण्यांसमोर मोरीतलं फडकं आणून टाकायचं, हे सगळे निर्णय पूर्णपणे कुत्र्याचे असतात. म्हणूनच तो गेल्यावर घराला त्याचं वेगळेपण आठवतं ते खोड्यांमधूनच. इमानी तर शेजारचाही होता.

यातल्या काही खोड्यांचं मूळ आता प्रयोगशाळेत सापडलं आहे. केंब्रिजच्या संशोधकांना 2016 मध्ये असं आढळलं, की सुमारे एक चतुर्थांश लॅब्रॅडॉर कुत्र्यांच्या एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो. पोट भरल्याचा निरोप मेंदूकडे नेण्यात या जनुकाचा वाटा असतो. अशा कुत्र्याला अन्नाची ओढ जास्त असते. ओट्यावरचा पोळ्यांचा डबा त्याने रिकामा केला, तर त्यात लाडाचा भाग किती आणि जनुकाचा किती, हे ठरवणं अवघड आहे.

आणि चोरीनंतरचा तो ओशाळा चेहरा? कान पाडलेले, नजर चुकवलेली, शेपूट पायांत. न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 मध्ये हा चेहरा तपासला. मालकाला बाहेर पाठवायचं आणि कुत्र्याने खाऊ खाल्ला की नाही हे त्याला कधी खरं, कधी खोटं सांगायचं, असा प्रयोग होता. ओशाळेपणाचा संबंध गुन्ह्याशी लागला नाही, तो लागला मालकाच्या ओरडण्याशी. उलट, काहीच न खाता बोलणी खाल्लेली कुत्री जास्त ओशाळी दिसली. महाभारताच्या आदिपर्वात सरमा या देवांच्या कुत्रीच्या पिल्लाची कैफियत हीच आहे. जनमेजयाच्या भावांनी त्याला यज्ञाच्या जागेतून मारून हाकललं. हविर्द्रव्य आपण चाटलं तर नाहीच, त्याकडे पाहिलंही नाही, असं त्याने आईला रडत सांगितलं. सरमेने जाब विचारला आणि उत्तर न मिळाल्यावर शाप दिला. कुत्रा गेल्यानंतर अनेक घरांत जुन्या खटल्यांची अशी फेरतपासणी सुरू होते. ती फुलदाणी खरंच त्याने पाडली होती, की मांजराने?

या शोकाला बाहेर मात्र फारशी जागा नसते. समाज ज्याला दुःख म्हणून मोजत नाही, अशा दुःखाची मांडणी केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने 1989 मध्ये केली. पाळीव प्राण्याचा मृत्यू त्यात अगदी चपखल बसतो. त्याच्यासाठी कार्यालयात रजा मागता येत नाही. चौथ्या दिवशी कुणीतरी 'दुसरा आणा' म्हणतं. मुंबई महापालिकेने 2023 मध्ये मालाडला लहान प्राण्यांसाठी दहनाची सोय केली, तेव्हा निदान अंत्यसंस्काराचा प्रश्न तरी थोडा सुटला. घराची मांडणी मात्र तशीच राहते: चपला वरच्या फळीवर, कचऱ्याचा डबा मोरीच्या बंद दाराआड, पेढ्यांचा पुडा फ्रिजच्या डोक्यावर. ज्याच्यासाठी हा बंदोबस्त होता, तो नसताना बंदोबस्त चालूच असतो.

फिलाडेल्फियाच्या 'इन्क्वायरर'मधले स्तंभलेखक जॉन ग्रोगन यांचा मार्ली 2003 च्या अखेरीस गेला. पिवळा लॅब्रॅडॉर, शिस्तीच्या वर्गातून हाकललेला, ढग गडगडले की दारं-भिंती खरवडणारा. ग्रोगननी बायकोला दिलेली सोन्याची साखळीही त्याने गिळली होती. जानेवारी 2004 मध्ये त्याच्यावर लिहिताना ग्रोगननी त्याला संत केलं नाही. त्यानंतर शेकडो पत्रं आली. सांत्वन होतंच, पण बऱ्याच वाचकांची तक्रार वेगळी होती: जगातला सर्वांत वाईट कुत्रा तुमचा असूच शकत नाही, कारण तो मान आमच्या कुत्र्याचा आहे. पुरावा म्हणून त्यांनी आपापल्या कुत्र्यांच्या गुन्ह्यांच्या याद्या जोडल्या होत्या. त्यातूनच पुढे 2005 चं पुस्तक आलं आणि 2008 चा चित्रपट.

मराठी घरांतही हे असंच चालतं, फक्त पत्रं लिहिली जात नाहीत. आधी काही दिवस त्याचं नाव निघालं की विषय बदलला जातो. मग एखाद्या दुपारी जेवणं उरकताना कुणीतरी मुंजीच्या दिवशीच्या श्रीखंडाची गोष्ट काढतं. आई म्हणते, पातेलं अर्धं होतं. बाबा म्हणतात, भरलेलं होतं, झाकण उघडं कुणी ठेवलं ते आधी सांगा. धाकटी सांगते की श्रीखंड नव्हतंच, आम्रखंड होतं, त्याच्या मिशा केशरी झाल्या होत्या. मावशीला फोन लावला जातो, कारण त्या दिवशी वाढायला तीच होती.