उरलेले भ्रूण

उणे १९६ अंश सेल्सिअसला, द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवलेल्या भ्रूणाचे वय वाढत नाही. वाढते ते त्याची वाट पाहणाऱ्या स्त्रीचे. गर्भाशयाचे अस्तर सिद्ध झाले, की भ्रूण बारीक नळीने आत सोडतात. क्रिया काही मिनिटांची. पुढे रक्तचाचणीपर्यंतचे दहा-चौदा दिवस निव्वळ प्रतीक्षेचे. तो रुजेलच, याची हमी कोणी देऊ शकत नाही.

तथापि खरा नैतिक पेच यशानंतरचा आहे, आणि त्याविषयी आधी फारसे बोलले जात नाही. एक मूल लाभले. उरलेल्या भ्रूणांचे काय? १९९२ मध्ये अमेरिकेतील टेनेसी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, एका घटस्फोटित दांपत्याच्या सात गोठविलेल्या भ्रूणांच्या वादात, त्यांना ना व्यक्ती मानले, ना मालमत्ता. भारतात २०२१ च्या कायद्याने साठवणीस दहा वर्षांची मर्यादा घातली. त्यानंतर ते नष्ट होऊ द्यावेत, अथवा दांपत्याच्या संमतीने संशोधनास द्यावेत. कायद्याला कालमर्यादा पुरते. मातेला ती पुरतेच असे नाही. कारण अंगणात खेळणारे तिचे मूलही कधीकाळी त्याच टाकीत होते, आणि कोणता भ्रूण आधी निवडायचा हे सूक्ष्मदर्शकाखाली ठरले होते. म्हणून पुन्हा मूल नको असतानाही काही दांपत्ये साठवणीचे शुल्क वर्षानुवर्षे भरत राहतात.